इंचाला सोळा मैल

मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला मेहकरावरून विमान गेलं आणि मी मोसमी वाऱ्यांचं वाक्य अर्ध्यात टाकून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दोन वाजून नऊ मिनिटं. सातवीच्या वर्गाला माझी ही सवय आता ठाऊक झाली आहे. विमान आलं की गुरुजी गप्प होतात, घड्याळ बघतात, खिशातल्या टिपणवहीत काहीतरी लिहितात आणि मग 'कुठे होतो आपण' असं विचारतात. पूर्वी मुलं विमान बघायला खिडकीकडे धावायची, आता माझ्या तोंडाकडे बघतात. माझ्या पाठीमागे ती काय बोलतात ते मला माहीत आहे. म्हणजे माहीत नाही, पण अंदाज आहे, आणि अंदाज करण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल. हेडमास्तर नारायणराव मला बघून चष्मा पुसायला लागतात त्याचा अर्थ मला कळतो. बायको, प्रतिमा, एखाद्या दिवशी फार गोड बोलते त्याचाही कळतो. प्रतिमा म्हणते, तुम्ही देवापुढे हात जोडता तेसुद्धा डोळे बारीक करून. तिचं चुकत नाही. हा स्वभाव मला कुठून आला ते मला सांगता येणार नाही. वडील भोळे होते, आई थट्टेखोर होती, आणि धाकटा सुधाकर तर कोणीही हाक मारली की मागे जाणारा.

विमान दिसलं नाही, नुसता आवाज होता, आणि तो जालन्याच्या अंगाने विरत गेला. नागपूरहून औरंगाबादला. तिथीने दुसऱ्या दिवशी वर्ष पुरं होणार होतं; वर्षापूर्वी अशाच एका विमानात सुधाकर बसला होता. तो नागपूरला एका सरकारी कचेरीत बड्या इंजिनियरसाहेबाचा लघुलेखक आहे. आई औरंगाबादच्या दवाखान्यात अत्यवस्थ असल्याची तार त्याला मिळाली, त्याच दिवशी त्याचे साहेब एका लहान विमानाने औरंगाबादला निघाले होते. त्यांनी त्याला मागच्या खुर्चीवर बसवून नेलं. विमान सुटलं एक वाजता. आई गेली तीन वाजून वीस मिनिटांनी. दवाखान्याच्या कागदावर नर्सच्या अक्षरात तशी वेळ आहे. मी पोचलो संध्याकाळी सहाला. व्हरांड्यातल्या बाकावर सुधाकर बसला होता. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, आई माझ्याशी बोलली. म्हणाली, अनंताला सांग, माझा त्याच्यावर राग नाही."

तेव्हापासून मी ह्या वाक्यात अडकून पडलो आहे. तो तीन-वीसच्या आत पोचला असेल तर आईने मला क्षमा केली. नसेल पोचला, तर माझी समजूत घालायला त्याने ते वाक्य बनवलं आणि आई माझ्यावर रागावलेलीच गेली. मधला मार्ग नाही. अन्नपूर्णामावशी, जिच्याकडे आई राहत होती, ती त्या वेळी पेज आणायला घरी गेली होती. ती परत आली तेव्हा सुधाकर आईच्या पायाशी बसलेला होता आणि सगळं संपलं होतं. म्हणजे साक्षीला कोणी नाही. आणि ते वाक्य! माझा त्याच्यावर राग नाही. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात आई असं एकदा तरी बोलली असेल का? ती म्हणाली असती, मी काऊन रागावू त्याच्यावर, मले काय दुसरे धंदे नाहीत काय. हे वाक्य टंकलेखन यंत्रातून काढल्यासारखं होतं, समास सोडून, खाली सही करायला जागा ठेवून. मी ते ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाकावर बसून मी भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो, आणि रडता रडता डोक्यात आकडे मांडत होतो. ह्याची मला लाज वाटते.

आईने रागवावं असं मी काय केलं होतं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. ती एप्रिल साठच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. एक मे रोजी नवं राज्य होणार, शाळेत झेंडावंदन होणार, आणि हेडमास्तरांना त्या दिवशी भिंतीवर अख्खा महाराष्ट्र पाहिजे होता. शाळेत होता तो जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकाशा. त्यात देऊळगाव राजाच्या पुढे जमीनच संपायची, पलीकडे निजामाची हद्द म्हणून कोरा पांढरा कागद. औरंगाबाद नव्हतंच. मी जालन्याहून एका ओळखीच्या मास्तरांकडून त्या भागाचा जुना नकाशा मागवला आणि त्याचा तुकडा कापून कोऱ्या जागी डकवायला घरी घेऊन बसलो. आईने सकाळीच मैद्याची खळ शिजवून वाटीत काढून दिली होती. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि माझी कातरकाम करतानाची फजिती बघत राहिली, अधूनमधून काहीबाही बोलत, हसत. मला ते बरं वाटत होतं. लहानपणी मी पतंग करायचो तेव्हा ती अशीच बसायची.

त्याच दुपारी कोनाड्यात मला पाकीट दिसलं. आईला लिहिता येत नसे. तिची पत्रं शेजारच्या आशाबाई लिहून देत, आणि ती नेहमी कार्डं असत, पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचावीत अशी. हे बंद पाकीट होतं, सुधाकरच्या नावाचं. पाकीट कशाला? असं काय होतं जे मी वाचायचं नव्हतं? प्रतिमाची कागाळी असणार. माझी असणार. म्हातारपणी धाकट्याकडे नेऊन ठेव म्हणून लिहिलं असणार. घरात कोणी नाही असं बघून मी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं आणि वाफेवर पाकीट धरलं. आत चार ओळी होत्या. सगळे खुशाल आहेत, अनंता शाळेसाठी मोठा नकाशा करतो आहे, सूनबाईसाठी बालाजीचं कुंकू पाठवते आहे, पोराबाळांना आशीर्वाद. कुंकवाची पुडी होती, म्हणून पाकीट. पुडी वाफेने ओलसर झाली होती आणि माझी दोन बोटं लाल झाली. मी वाटीतली तीच खळ लावून पाकीट बंद केलं, दाबून धरलं, आणि वळलो तर आई दारात उभी. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने माझ्या बोटांकडे पाहिलं की नाही तेही मला सांगता येणार नाही, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "चहा ठेवला काय रे? मलेबी दे घोटभर," एवढंच ती म्हणाली.

आठ दिवसांनी ती डोळे दाखवायला म्हणून मावशीकडे औरंगाबादला गेली. डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट दिसायला लागलं, पण ती परत आली नाही. अडीच वर्षं मावशीच्या पत्रातून तिचा एकच निरोप यायचा, येतो पुढल्या महिन्यात. मी तिला आणायला गेलो नाही. तिने पाहिलं असेल तर कोणत्या तोंडाने जायचं, आणि पाहिलं नसेल तर ती येत का नाही, ह्या दोन प्रश्नांच्या मधे मी अडीच वर्षं बसून होतो. प्रतिमा म्हणायची, जाऊन घेऊन या ना त्यांना. मला वाटायचं, ही एवढा आग्रह का करते आहे, हिला आईने काही सांगितलं तर नाही?

आई गेल्यानंतर तीन महिन्यांनी, फाल्गुनात, शाळा सुटल्यावर मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि त्याच नकाशावर दोरा धरला. नागपूरच्या टिंबावर एक टाचणी, औरंगाबादच्या टिंबावर एक. विमानाला घाट नाही, वळण नाही, नदीवर पूल नाही म्हणून अडून राहणं नाही. ते सरळ रेघेने जातं, आणि सरळ रेघ कोणालाही मोजता येते. दोरा भरला साडेअठरा इंच. नकाशाच्या खाली छापलेलं होतं, एका इंचाला सोळा मैल. दोनशे शहाण्णव मैल झाले. विमान ताशी दीडशे मैल जातं, असं वैमानिकाने सांगितल्याचं सुधाकरनेच दहाव्या दिवशी मला कौतुकाने ऐकवलं होतं. म्हणजे प्रवास एक तास अठ्ठावन्न मिनिटांचा. एकला सुटलं ते दोन अठ्ठावन्नला उतरलं. विमानतळापासून दवाखान्यापर्यंत टांग्याने अर्धा तास लागला, हेही त्याचंच बोलणं. तीन अठ्ठावीस. आई तीन-वीसला गेली. आठ मिनिटांनी खोटा पडला माझा भाऊ. मी बाकावर बसून राहिलो. मला आनंद झाला नाही, पण एक प्रकारची गार शांतता वाटली, शंका खरी निघाल्यावर वाटते तशी. त्याच रात्री मी त्याला पत्र लिहिलं. परीक्षेतल्या उत्तरासारखं लिहिलं, दिलेली माहिती, रीत, उत्तर. शेवटी एकच ओळ घातली, तू पोचला नव्हतास. त्याने नऊ महिने उत्तर दिलं नाही, आणि गप्प बसणं म्हणजे कबुली असा अर्थ मी लावला.

खरं म्हणजे त्या दिवसाचा आणखी एक हिशेब होता, पण त्याकडे मी कधी वळलो नाही. तार मलाही आली होती, सकाळी आठ वाजता. 'आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा.' औरंगाबादची नऊची एसटी गाडी होती. मी तार दोनदा वाचली, आणि मला वाटलं, हा मावशीचा डाव असणार. मला तिकडे ओढून न्यायचं, आईच्या पायावर घालायचं, चार लोकांसमोर कबूल करवायचं. अत्यवस्थ म्हणे! आठ दिवसांपूर्वीच्या पत्रात तर ती मावशीच्या हातची पुरणपोळी खात होती. मी तार खिशात घातली, शाळेत गेलो, दोन तास शिकवले. तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबला आणि मग बाराच्या गाडीत जाऊन बसलो. सिंदखेडराजाला गाडी चहाला थांबली तेव्हा डोक्यावरून एक विमान गेलं. हॉटेलातली माणसं कपबशी हातात घेऊन बाहेर आली. मीही वर पाहिलं. त्यात सुधाकर आहे हे मला कुठे माहीत होतं? ऊठसूट घड्याळ बघणारा मी, त्या एकाच वेळी ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोऱ्याची गरजच पडली नसती. तेव्हापासून मेहकरावरून जाणारं प्रत्येक विमान मी वहीत टिपतो, आणि नऊच्या गाडीचा विचार मनात आला की पुढचं विमान कधी येईल त्याचा विचार करतो.

तर त्या दुपारी विमानाचा आवाज विरला, मी 'कुठे होतो आपण' म्हटलं, आणि तेवढ्यात शिपाई शेषराव एक लांब गुंडाळी खांद्यावर घेऊन दारात आला. "मास्तर, नवा नकाशा आला. हेडमास्तर म्हणे, जुना काढून टाका, पार ठिगळ दिसते." नवा नकाशा छान होता, गुळगुळीत, शाईचा वास येणारा, आणि त्यावर मैल नव्हते. एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर. मुलांना वाचायला धडा दिला आणि मी सहज, अगदी सहज, दोरा काढला. तो माझ्या खिशात असतोच. नागपूर ते औरंगाबाद चाळीस सेंटिमीटर, म्हणजे चारशे किलोमीटर. त्याचे मैल केले, अडीचशे. मी पुन्हा केले. अडीचशेच. शेहेचाळीस मैल कुठे गेले?

मी जुन्या नकाशाजवळ गेलो. देऊळगाव राजाच्या पुढे माझा तुकडा, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, माझ्या कातरीतून अर्धवट वाचलेला आकडा होता. इंचाला आठ मैल. आणि मग आईचा आवाज कानात आला, त्या दिवशीचा, भिंतीला पाठ लावून बसलेली असतानाचा. "औरंगाबाद एवढं मोठं काऊन रे? निजामाचं होतं म्हणून काय?" मी तिला म्हणालो होतो, आई, ह्याचं माप वेगळं आहे, हे नुसतं दिसण्यापुरतं. दोन्हीकडच्या हद्दी जुळत नव्हत्या म्हणून मी जमीनच कातरली होती आणि ती पोटभर हसली होती. मला ठाऊक होतं. डकवताना मला सगळं ठाऊक होतं, आणि भिंतीवर चढल्यावर मीच ते विसरलो. त्या तुकड्यावरचे पावणेसहा इंच मी दुप्पट मोजले. अडीचशे मैलांना एक तास चाळीस मिनिटं. विमान दोन-चाळीसला उतरलं, सुधाकर तीन-दहाला दवाखान्यात पोचला. दहा मिनिटं. त्याला आई दहा मिनिटं मिळाली होती आणि ते वाक्य खरं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुलांकडे पाठ करून फळा पुसत राहिलो, स्वच्छ फळा.

सुधाकर संध्याकाळच्या गाडीने आला, वर्षश्राद्धासाठी. पत्राचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तो प्रतिमाशी बोलला, आशाबाईंच्या पाया पडून आला. मी त्याच्याकडे चोरून बघत होतो आणि मला तो फार आवडत होता. दुसऱ्या दिवशी भटजी गेले, पानं उठली, आणि आम्ही दोघं ओट्यावर सुपारी कातरत बसलो. मी बराच वेळ शब्द जुळवले आणि शेवटी म्हणालो की माझं गणित चुकलं, नकाशाचा तुकडा वेगळ्या मापाचा होता, तू वेळेवर पोचला होतास, मला माफ कर.

सुधाकर अडकित्त्याकडे बघत राहिला. नागपूरला तो साहेबाचं मराठी बोलतो; घरी, मनातलं बोलताना, त्याची भाषा परत आईची होते.

"तुझं गणित मी तवाच आमच्या कचेरीत तपासलं होतं दादा," तो म्हणाला. "चुकलंच होतं. पण उत्तर लिहावं तं कसं लिहू? ते वाक्य खरंच आईचं नव्हतं. मीच बनवलं होतं."

काल दुपारपासून जे मिळालं होतं ते एका श्वासात गेलं. मी म्हणालो, म्हणजे ती काही बोललीच नाही. आणि हे म्हणताना त्या जुन्या गार शांततेची चाहूल मला लागली, ह्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं.

"बोलली ना. दहा मिनिटं बोलतच होती. पण मले वाटलं वातात बोलून राह्यली. मी तिले म्हटलं, दादा येऊन राह्यला, नवाच्या गाडीत असन, आत्ता पोचन. तं म्हणे, नवाच्या नाही, बाराच्या. त्याले तार खरी वाटाले तीन घंटे लागतात." सुधाकरने सुपारीचा तुकडा कातरला. "आन मंग म्हणे, त्याले सांगजो, पाकीट मस्त चिकटलं होतं. खळ मीच केली होती."

रस्त्यावरून बैलगाडी गेली. मी तिच्या चाकांकडे बघत राहिलो. मग मी फक्त एवढंच विचारलं, ते म्हणताना ती हसत होती का.

"हाव. लई हसू येऊन राह्यलं होतं तिले. पण धाप लागे." तो माझ्याकडे वळला. "मले काही समजलं नाही दादा. तू रडवेला होऊन आला, आन तुले बाकावर काय सांगू, आई पाकीट-पाकीट करत गेली म्हणून? म्हणून मंग ते रागाचं म्हटलं. कोणतं पाकीट होतं ते?"

नऊच्या गाडीत बसलो असतो तर मी तीन वाजता पोचलो असतो. मी ते मोठ्याने म्हणालो. "तार मला आठला मिळाली होती, सुधाकर. मी तीनला पोचलो असतो." हे गणित मी वर्षभरात एकदाही केलं नव्हतं, आणि त्याला नकाशा लागत नाही, दोराही लागत नाही, एसटीचं वेळापत्रक शाळेसमोरच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. आईला वाचताही येत नव्हतं. तिने ते खाटेवर पडल्या पडल्या केलं होतं आणि ते बरोबर आलं होतं. सुधाकरने अडकित्ता खाली ठेवला. मग मी त्याला कोनाड्यापासून सांगायला सुरुवात केली, आधण, वाफ, लाल झालेली बोटं, आणि मधेच प्रतिमा चहा घेऊन बाहेर आली आणि ऐकत उभी राहिली तरी थांबलो नाही.